नीलाक्का आणि कॅमेऱ्याची मान

सोलापुरात माझा चेहरा फारसा कुणी ओळखत नाही, पण माझी मान मात्र घराघरांत माहीत आहे. मंडईत मेथी निवडत उभा असतो, शेजारच्या बाईला कुणीतरी सांगतं की नीलाक्कांच्या कार्यक्रमाचा कॅमेरावाला तो हाच. बाई मला पायापासून डोक्यापर्यंत बघते आणि म्हणते, "अगं बया, ती मान तुमची व्हय?" मी हो म्हणून मान हलवतो आणि ती खूश होऊन जुडी घेऊन जाते. ही कीर्ती मी कमावलेली नाही. ती मला नीलाक्कांनी घासाघासानं भरवली.

नीलाक्का गेल्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही. बारा वर्षं आमच्या केबलवर रोज सकाळी साडेदहाला 'आजचं ताट' हा त्यांचा कार्यक्रम चालला, त्याचं एकही रेकॉर्डिंग शिल्लक नाही. नाही म्हणजे ते कधी केलंच नव्हतं. का केलं नव्हतं ते पुढं सांगतो. पण शहरातल्या कुठल्याही गल्लीत साडेदहाला जा, मोहरी तडतडल्यावर लगेच मिरची न टाकता क्षणभर थांबणाऱ्या बाया तुम्हाला सापडतील. तो थांबा अक्कांचा आहे.

मी तेव्हा लग्नाची शूटिंग करायचो. अक्कलकोटच्या पुढं एका खेड्यात लग्न होतं आणि ऐन सकाळी आचारी पसार झाला. वऱ्हाड वाटेवर, वधूपित्याची पाचावर धारण बसलेली. तेवढ्यात नवरीची आत्या उठली. ठेंगणी, साठी ओलांडलेली, कपाळाला विभूतीची तीन बोटं, इरकल साडीचा पदर कमरेला खोचलेला. तिनं हातातल्या अक्षता शेजारणीच्या ओच्यात टाकल्या आणि थेट चुलवणाकडं गेली. हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, केवढं मोठं पातेलं रटरटत होतं! आत्याबाई त्याच्यापाशी वाकून कान लावून ऐकायला लागल्या. मला वाटलं, बाईला चक्कर आली. मग त्या मागं न बघताच ओरडल्या, "जाळ वडा रं! खाली धरायलंय, आवाज बदललाय."

झाकण काढून पाहिलं तर खरंच बुडाला लागत आलं होतं. त्यानंतर माझा कॅमेरा काही त्यांच्यावरून हटेना. सप्तपदी चालली होती आणि मी भाकऱ्यांची चळत टिपत होतो. पुढं नवऱ्याकडच्यांनी सीडी बघितली आणि वधूपित्याला फोन करून विचारलं, की आमचं लग्न तुमच्या मुलीशी झालंय का तुमच्या बहिणीशी? मला जे बोलणं खावं लागलं ते सांगण्यासारखं नाही. पण ती सीडी फिरत फिरत आमच्या केबलचे मालक चंदूशेठ यांच्या हाती लागली आणि आत्याबाईंच्या, म्हणजेच नीलाक्कांच्या, नशिबी टीव्ही आला.

चंदूशेठला मोठ्या चॅनेलवरचे कार्यक्रम बघायचा नाद. त्यांनी आपल्या हॉलमध्ये ओटा मांडला, प्लास्टिकची फुलं लावली, काचेच्या इवल्या वाट्यांत मोहरी, जिरं, हळद वेगवेगळी काढून ठेवली. अक्कांनी त्या वाट्यांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय, भातुकली मांडलीया व्हय?"

"अक्का, बघणाऱ्याला माप कळाय पायजे की. मीठ किती, ते चमच्यात सांगायचं," चंदूशेठ म्हणाले.

"घरात माणसं किती?"

"अहो, सगळ्या सोलापूरला सांगायचंय!"

"मग सगळ्या सोलापूरला इचारून या, घरात माणसं किती म्हून."

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. उजव्या हाताची पाच बोटं एकत्र करून लेन्ससमोर धरली. "चार माणसांच्या सैपाकाला पाच बोटांची ही एक चिमूट. ज्याचा हात मोठा, त्याचं घर बी मोठं आसतंय." हे त्यांचं वजनमाप. सोलापुरात पुढं त्याला 'अक्काची चिमूट' असंच नाव पडलं.

खरं भांडण झालं ते शेवटच्या दृश्यावरून. चंदूशेठ समजावून सांगत होते, "आता चमच्यानं चाखायचं, डोळे मिटायचे आन् 'वा!' म्हनायचं."

अक्का बघतच राहिल्या. "नैवेद्य दावायच्या आदी उष्टं करू? आन् आपल्याच सैपाकाला आपुनच वा म्हनायचं? कुनी शिकिवलं तुमास्नी ह्ये?"

"टीव्हीवर सगळेच करतात, अक्का."

"सुम् बसा," अक्का म्हणाल्या. कानडीतलं हे 'गप्प बसा' त्या इतक्या मायेनं म्हणायच्या की माणूस खरोखर गप्प बसायचा. चंदूशेठ बारा वर्षं बसले.

अक्कांनी आयुष्यात स्वयंपाक करताना कधी चव घेतली नव्हती. आईनं घालून दिलेली शिस्त होती. मीठ हाताला कळायचं, फोडणी कानाला आणि मसाला नाकाला. पदार्थ झाला की पहिला वाटा ग्रामदैवत सिद्धरामाच्या तसबिरीपुढं, मग घरच्यांना, आणि सगळ्यात शेवटी स्वतःला. हॉलमधल्या प्लास्टिकच्या फुलांत त्यांचा जीव रमेना, म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन त्यांच्याच सोलापुरातल्या स्वयंपाकघरात गेलो. चॅनेलची खोली त्याच गल्लीत होती. एडिटिंगचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि तो दुरुस्त करण्याचा चंदूशेठचा विचार अजून चालू आहे. म्हणून कार्यक्रम थेट दाखवायचा ठरला आणि रेकॉर्डिंगचा प्रश्नच मिटला. तासभर अक्का रांधणार, तासभर शहर बघणार.

पहिल्या दिवशी शेंगाची आमटी झाली. अक्कांनी नैवेद्य ठेवला, हात जोडले, वळल्या. अक्का एकट्याच राहायच्या, त्यामुळं घरात खाणारं माणूस एकच, कॅमेऱ्यामागचा मी. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि चालत थेट माझ्याकडं आल्या. पडद्यावर त्यांचा हात मोठा मोठा होत गेला, लेन्सच्या बाजूनं आत शिरला आणि घास माझ्या तोंडात पडला. "कसं झालंय, तम्मा?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. चाळिशीला टेकलेल्या मला त्या घासासरशी बहीण मिळाली. तोंड भरलेलं, खांद्यावर कॅमेरा, बोलायची सोय नाही. मी जोरजोरात मान हलवली. सगळ्या सोलापूरच्या टीव्हीत अक्कांचं स्वयंपाकघर वरखाली, वरखाली झालं.

चंदूशेठनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी बायांचे फोन आले, "कॅमेरा हालला म्हंजे झ्याक झालं आसनार." मग तीच कार्यक्रमाची सांगता झाली. कॅमेरा हलल्याशिवाय बाया गॅस बंद करेनात.

कारण तोवर शहराला एक खोड लागली होती. कार्यक्रम थेट असल्यामुळं बाया बघून नंतर करत नव्हत्या, अक्कांबरोबरच करत होत्या. अक्कांनी कांदा चिरायला घेतला की गल्लीगल्लीत कांदा चिरला जायचा. अक्का लेन्सकडं कधी बघायच्या नाहीत. "त्या भिंगाला काय बोलू, त्याला त्वांड हाय का?" म्हणून त्या माझ्याशी बोलायच्या. "तम्मा, आता गॅस बारीक कर." त्यामुळं अर्धं शहर त्यांचा तम्मा झालं होतं.

एकदा येसर आमटीला उकळी फुटत होती आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "नळ आला!" चार दिवसांनी पाणी आलेलं. अक्कांनी गॅस बारीक केला, "थांबा जरा, आलेच," म्हणाल्या आणि कळशी घेऊन निघून गेल्या. मी काय करणार? चांगली वीस मिनिटं मी नुसतं पातेलं दाखवत राहिलो. चंदूशेठ फोनवर किंचाळत होते. पण एका प्रेक्षकाची तक्रार आली असेल तर शपथ. नंतर कळलं की बऱ्याच बाया त्या वेळात आपापल्या नळाला नळी लावून आल्या. एकीनं तर विचारलं, "अक्का, ती आमटी मंद गॅसवर वीस मिनिटं ठिवायची, ही तुमची रीत लई भारी हाय. पन रोज ठिवायची का?"

फोन खिडकीत असायचा आणि तो अक्का कार्यक्रम चालू असतानाच उचलायच्या. सगळ्यात जास्त फोन पूर्व भागातल्या नरसम्माचा. ही विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, हजरजबाबी बाई. पहिला फोन भांडणाचाच होता. अक्कांनी अंबाडीची भाजी केली आणि नरसम्मा म्हणाली, "आमी ह्याला पुंटीकूर म्हनतो. लसूण लई कमी घातलाव की हो तुमी."

"आमच्याकडं भाजीत लसूण घालत्यात, लसणीत भाजी न्हाई," अक्का म्हणाल्या.

दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण भांडण सात-आठ वर्षं नीट टिकवलं. एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत होतं. मिठाला अक्का कानडीत 'उप्पू' म्हणायच्या आणि नरसम्मा तेलुगूतही 'उप्पू'च म्हणायची. "तेवढं तरी आईबापानं नीट शिकिवलंय तुला," अक्का तिला सांगायच्या.

साथीच्या वर्षी अक्कांना ताप आला. पंधरा दिवसांनी त्या उठल्या, कार्यक्रम पुन्हा सुरू झाला आणि शहराला हायसं वाटलं. मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मसाला भाजताना अक्का मला विचारायला लागल्या, "तम्मा, रंग बग, झाला का?" एकदा दूध ओट्यावर उतू जाऊन जळलं, सगळ्या घरात वास सुटला आणि अक्का त्याच्याकडं पाठ करून निवांत कोथिंबीर निवडत होत्या. मी म्हटलं, वय झालं.

मग तो वांग्यांचा दिवस आला. येणगाई, म्हणजे तेलावरची भरली वांगी, हा अक्कांचा हातखंडा. त्यांनी शेंगाच्या कुटात अक्काची चिमूट टाकली. तेवढ्यात फोन वाजला. बोलून परत आल्या आणि पुन्हा एक चिमूट टाकली. रश्शात तिसरी. मी कॅमेऱ्यातून बघत होतो. म्हटलं, आपल्याला काय कळतंय? शेवटी घास आला. जिभेवर ठेवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असं खारट मी जन्मात खाल्लं नव्हतं. समोर अक्का हात पुसत उभ्या. ताप येऊन गेल्यावर चेहरा उतरलेला. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. आणि मी मान हलवली. वर, खाली, चांगली तीनदा.

त्या दुपारी अक्कांचा फोन वाजलाच नाही. सगळं शहर पाणी पीत बसलं होतं. तीन चिमटी बायांनी बघितल्या होत्या, त्यांनीही मोजून तीनच टाकल्या होत्या. अक्का करतात म्हणजे त्यात काही तरी असेल, आणि वर कॅमेराही हलला होता! खोट काढणार कोण? माझ्या घरीही तीच वांगी होती. बायकोनं मुकाट्यानं वाढली, मी मुकाट्यानं खाल्ली.

संध्याकाळी पाचला अक्कांचा निरोप आला, "ये." गेलो तर त्या पाटावर बसल्या होत्या आणि समोर सकाळची येणगाई होती.

"नरसम्माचा फोन आलता," अक्का म्हणाल्या. "भांडली न्हाई. लई हळू इचारली, अक्का, आज खारट करायचं कायतर कारन हुतं का? काय सणबिण?" मग वाटी माझ्याकडं सरकवली. "खा."

मी खाल्लं.

"कसं हाय?"

"चांगलं हाय, अक्का."

"परत सांग."

"खारट हाय."

"सकाळी मान का हलिवलीस?"

"तुमाला वाईट वाटंल म्हून."

अक्कांनी वाटी स्वतःकडं ओढून घेतली. मग म्हणाल्या, "दोन म्हयनं झालं, तम्मा. मला वास येत न्हाई. चव कळत न्हाई. गूळ खाल्ला काय आन् माती खाल्ली काय, येकच. हाताच्या आन् कानाच्या जोरावर रेटत हुते. म्हनलं, तू हाईस की. कायबी चुकलं तर तुजी मान सांगंल. तुज्या जिभंवर मी सगळं गाव जेवाय घातलं, आन् तू माजी भीड धरलीस?" त्यांनी तसबिरीकडं बोट दाखवलं. "त्यो खारट खाऊन गप बसला, त्यो तसबिरीतला हाय. तू कोन हाईस?"

मी चाळिशी उलटलेला बाप्या ओच्यात तोंड लपवणाऱ्या पोरासारखा रडलो. लाज वाटत नाही मला हे सांगायला. अक्कांनी रडू दिलं आणि मग उठून चहा टाकला. चहात साखर किती पडली ते मला विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं थेट कार्यक्रमात सांगणार, असं त्यांनी जाहीर केलं. चंदूशेठ धावत आले. चव न कळणाऱ्या बाईचा स्वयंपाक कोण बघेल? कार्यक्रम बंद पडेल. अक्कांनाही तीच भीती होती. साडेदहाचा तो एक तास गेला तर दिवसात राहतं काय, असं त्या सकाळी मला म्हणाल्याच होत्या. पण चंदूशेठना त्यांनी सुम् बसवलं.

त्या दिवशी गॅस पेटवायच्या आधी अक्का पहिल्यांदा लेन्सकडं बघून बोलल्या. "काल वांगी खारट झाली. तुमच्या घरात माज्यामुळं वाया गेली. मला वास न्हाई, चव न्हाई, ह्ये मी दोन म्हयनं तुमच्यापासून लपिवलं. हात जोडते. तम्मावर राग धरू नका, त्येनं माजी भीड धरली. आता तुमीच सांगा. करू का थांबू?"

 फोन वाजला. अक्कांनी उचलला आणि स्पीकर लावला.

"थांबायचं कशाला?" नरसम्माचा आवाज आला. "तुमी जे करतावं तेच आमी सगळ्या त्याच टायमाला करतोय की हो. तुमी करा. आमी चाखून सांगतो. आमच्याकडं एवढ्या जिभा हायेत, तुमच्या कामी येऊ द्या की एकदा. आन् लसूण वाढवा."

अक्का हसल्या. डोळ्यांना पदर लावला आणि गॅस पेटवला.

तिथून पुढची चार वर्षं म्हणजे आमच्या कार्यक्रमाचा खरा बहर. नैवेद्य बाजूला काढला की फोन सुरू. "अक्का, उप्पू जरा कमी." "अक्का, आमसूल वाढवा, बोथट लागतंय." अक्का तसतशी भर घालायच्या, मग सगळं शहर भर घालायचं. चव घ्यायला घाबरणाऱ्या नव्या सुनाही फोन करून ठणकावून सांगायला लागल्या. आणि कॅमेरा आता दोन्ही प्रकारे हलायचा. पहिल्यांदा मी मान आडवी हलवली, तेव्हा मंडईत एका आजींनी माझी पाठ थोपटली.

मग अक्कांचे गुडघे गेले. मुलगी जेऊरला दिलेली, जावई तिथं शाळेत शिक्षक. ती येऊन अक्कांना घेऊन गेली आणि 'आजचं ताट' बंद झालं.

मी त्यांना भेटायला जेऊरला गेलो तो गेल्या माघात. दिवसभर गप्पा झाल्या. मुलीच्या स्वयंपाकघरातल्या आवाजांवर अक्का पाटावरूनच हुकूम सोडत होत्या. परतताना माझं न ऐकता काठी टेकत स्टेशनवर आल्या. जेऊरला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. मी खिडकीत बसलो, तशी त्यांनी कापडात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आत दिली.

"आत्ता खा. माज्याम्होरं."

मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात टाकला. चटणीत मिठाचा कणसुद्धा नव्हता. अक्का माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हत्या, मानेकडं बघत होत्या. पंचाहत्तरीच्या पुढची ती बाई काठीवर भार टाकून उभी होती, पुन्हा भेट होईल न होईल. माझी मान वर जायला निघालीच होती. गाडीनं शिट्टी दिली.

मी मान आडवी हलवली. "अक्का, मीठच न्हाई की ह्यात."

अक्का इतक्या मोठ्यानं हसल्या की हमाल वळून बघायला लागला. त्यांनी डावी मूठ उघडली. आत कागदाची पुडी होती. "मुद्दाम घातलं न्हवतं," म्हणाल्या आणि मिठाची ती पुडी खिडकीतून माझ्या हातावर ठेवली.

गाडी हलली. मी मान बाहेर काढून बघत राहिलो. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत अक्का दिसत होत्या, काठी धरून तिथंच उभ्या, आणि त्यांची मान वरखाली, वरखाली हलत होती.